डोकं कुठं, शेपूट कुठं?

प्रश्न : गर्भाची सुरुवात एकाच पेशीपासून होते. मग डोकं कुठल्या बाजूला आणि शेपूट कुठल्या बाजूला, हे त्या पेशीला कसं कळतं?

उत्तर : प्राणी बदलला की उत्तरही बदलतं. फळमाशीच्या अंड्यात दिशा आईच नेमून देते. अंडं तयार होतानाच त्याच्या पुढच्या टोकाला ‘बायकॉइड’ जनुकाचा आरएनए साठवलेला असतो. मातीत राहणाऱ्या, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीत मात्र दिशा ठरवतो शुक्राणू. तो ज्या टोकाला शिरतो, ते टोक शेपटीचं. गोल्डस्टीन आणि हर्ड यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की शुक्राणू नेहमीच्या विरुद्ध टोकानं शिरला तर गर्भाची दिशाही उलटते.

हे घडतं कसं? अंड्याच्या पटलाखाली अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांची ताणलेली जाळी असते. शुक्राणूबरोबर आलेल्या सेंट्रोसोमपाशी ही जाळी सैल पडते आणि उरलेली आकसत पुढच्या टोकाकडे सरकते. सरकताना पार-३, पार-६ आणि पीकेसी-३ ही प्रथिनंही ती सोबत नेते. मागं मोकळ्या झालेल्या पटलावर पार-१ आणि पार-२ ठाण मांडतात.

पुढं जाळीचं वाहणं थांबतं, तरी सीमा टिकते. बांधावरून हटायला तयार नसलेल्या दोन शेजाऱ्यांसारखी ही प्रथिनं वागतात. पीकेसी-३ हे पार-२ला फॉस्फेट चिकटवून पटलावरून उतरवतं. पार-१ तीच खोड पार-३वर काढतं.

केन केम्फ्यूज यांच्या गटानं १९८८ मध्ये या ‘पार’ जनुकांचं पहिलं वर्णन केलं. ती बिघडली की पेशीच्या पहिल्या विभाजनातली विषमता बिघडते. एरवी पुढची पेशी मोठी आणि मागची लहान होते. त्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गंमत दिसते : पेशीभर विखुरलेले ‘पी’ कण पुढच्या बाजूला विरघळत जातात आणि मागच्या बाजूला साकळतात. ज्या पेशींच्या वाट्याला ते येतात, त्यांच्यातूनच शेवटी पुढच्या पिढीची बीजं तयार होतात.

सस्तन प्राण्यांत याच कुळातली प्रथिनं असतात, पण इशारा वेगळा. उंदराचा गर्भ आठ पेशींचा झाला, की प्रत्येक पेशीची शेजारणीला चिकटलेली बाजू ‘आतली’ आणि मोकळी बाजू ‘बाहेरची’ ठरते. पुढच्या विभाजनांनंतर बाहेर राहिलेल्या पेशी वारेच्या घडणीला लागतात आणि आत गेलेल्यांपासून पिल्लू घडतं. तिथं डोकं-शेपटीचा प्रश्न बराच नंतर येतो. आधी सुटतो तो आत-बाहेरचा.