स्थिर विद्युत आणि आपली यंत्रसामग्री

देणगीदारांच्या औदार्यातून लाभलेली व्हेंटिलेटर, मॉनिटर आदी यंत्रे आपण धूळ व ओलाव्यापासून जपतोच. परंतु स्थिर विद्युतभार हाही त्यांचा शत्रू आहे. हिवाळ्यातील कोरड्या हवेत चालताना वा लोकरी ब्लँकेट हाताळताना घर्षणाने तो शरीरावर साठतो. सुमारे ३००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचा झटका माणसाला सहसा जाणवत नाही. काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टनेही निकामी होऊ शकतात. त्याहून घातक ती सुप्त इजा: सर्किट बोर्ड चाचणीत उत्तीर्ण होतो आणि पुढे ऐन वापरात बंद पडतो.

म्हणून यंत्राचा वीजपुरवठा तोडून, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच आमचे तंत्रज्ञ ते उघडतात. पट्ट्यातील १० लाख ओहमचा रोध साठलेला भार सावकाश जमिनीत सोडतो आणि चुकून विजेचा स्पर्श झाल्यास तंत्रज्ञालाही वाचवतो. सुटे बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीतच ठेवले जातात.

पट्ट्याचा खर्च अल्प आहे. बोर्ड बिघडला तर मात्र त्या दिवशी व्हेंटिलेटर रुग्णाला मिळत नाही. नातेवाइकांनीही यंत्रांच्या सॉकेटांना हात लावू नये, ही नम्र विनंती.