तांबड्या हातांची कपार

सिडनीच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरांवर, ब्लू माउंटन्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या ग्लेनब्रुक गावाजवळून, कॅम्पफायर क्रीक या ओढ्याच्या काठाने, युकॅलिप्टसच्या रानातून जाणारी पायवाट ज्या कपारीपाशी पोहोचते, तिला ‘रेड हँड्स केव्ह’ म्हणतात. भूशास्त्राच्या अध्यापनात हयात घालविलेले मामा आणि पुण्याहून आलेली त्यांची भाची यांचे तेथील संभाषण असे झाले.

भाची : मामा, नाव गुहेचे, आणि समोर तर पुढे झुकलेले नुसते छत! हे कोणी खोदले?

मामा : कोणीच नाही. अजिंठ्यास छिन्नी चालली. येथील काम पाण्याने आणि मिठाने केले. हा हॉक्सबरी वालुकाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे भारत आणि हे खंड गोंडवन नामक एकाच विशाल भूमीचे अवयव असताना, ब्रह्मपुत्रेच्या तोलाच्या एका प्रचंड नदीने आणून टाकलेल्या वाळूपासून बनला. भिंतीवरील या तिरप्या रेघा त्या प्रवाहाच्या दिशेची साक्ष देतात.

भाची : आणि मीठ कोठून आले?

मामा : खडकात मुरलेले पाणी सावलीतल्या भिंतीशी येऊन वाळते, तेव्हा त्यातील क्षार दाण्यादाण्यांमधील सूक्ष्म फटींत स्फटिकरूप धारण करतात आणि वाळूचा एकेक कण सुटा करतात. उघड्या पृष्ठभागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, छताखालचे मात्र जागीच राहते. सबब पोकळी आत आत वाढत जाते, आणि लोहाच्या अंशाने कठीण झालेले बाहेरचे कवच छत म्हणून टिकते. मला या खडकाच्या इतिहासात याहून मनोहर प्रकरण दुसरे वाटत नाही.

भाची : आणि हे हात? कित्येक ठिकाणी हाताभोवती रंग आहे, हातावर नाही.

मामा : बरोबर पाहिलेस. गेरूची पूड पाण्यासह तोंडात धरून, भिंतीवर टेकलेल्या पंजावर फुंकरीने उडविली, की हात उचलल्यावर त्याची कोरी आकृती उरते. काही थोडे ठसे मात्र रंगात बुडविलेल्या तळव्याचे आहेत. तांबड्याखेरीज पिवळा आणि पांढरा रंगही आहे. ही चित्रे सुमारे ५०० ते १६०० वर्षांपूर्वीची मानली जातात. हा येथील आदिवासी डरुग लोकांचा मुलूख. येताना ओढ्याच्या खडकावर लांबट गुळगुळीत खाचा दाखविल्या होत्या ना? तेथे पाणी घालून दगडी कुऱ्हाडींना धार लावीत. वाळूचा खडक ही त्यांची सहाण, आणि पात्यासाठी बेसाल्टासारखा कठीण दगड, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा!

भाची : मग ही जागा उजेडात केव्हा आली?

मामा : गोऱ्या वसाहतीच्या दप्तरी ती १९१३ साली आली, आणि तीही एका हरवलेल्या मुलाचा शोध घेताना, परंतु डरुग लोकांना ती त्याआधी शेकडो वर्षे ठाऊक होती, ही गोष्ट त्या तारखेच्या आधी सांगितली जावी, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडेही भीमबेटकाच्या वालुकाश्मातील चित्रे विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली अभ्यासकांपुढे आणली, आणि तेथेही पंजांचे ठसे आहेत. दोन्ही ठिकाणी माणसाने आश्रय म्हणून खडकाच्या, छत राखून आत पोकळ होण्याच्या, त्याच गुणाचा लाभ घेतला.

भाची : पण मामा, ज्या मिठाने छत घडविले, तेच या हातांखालची भिंतही सुटी करीत असेल ना?

मामा : करतेच, येथील सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. रंग भिंतीच्या ज्या पापुद्र्यावर आहे, तो पापुद्रा क्षारांच्या दाबाने सुटला की चित्रही त्याच्यासह जाते, आणि त्यावर कायमचा उपाय नाही. हळुवार होणाऱ्या त्या झिजेत आपली भर पडू नये, एवढीच तजवीज मनुष्याच्या हाती आहे. स्पर्शाने बोटांचा तेलकट घाम लागतो, पावलांनी उडालेली धूळ रंगावर बसते, आणि एखादा आपले नाव कोरून जातो. म्हणून मध्ये हा आडपडदा उभा केला आहे.

भाची : त्याने चित्र जरा दूर राहते खरे.

मामा : राहू दे. डरुगांचे वंशज आजही सिडनीच्या परिसरात राहतात. आपल्या पूर्वजांचे हात पाहण्यास त्यांना येथे यायचे आहे, आणि त्यांच्या नातवंडांनाही. त्यांच्या त्या हक्कापुढे आपली जवळून पाहण्याची हौस फार लहान आहे. ये, या बाजूने पाहा. तिरप्या उजेडात पांढरे हात अधिक स्पष्ट दिसतात.