कोरफड आणि घायपात : ओळख व लागवड
पुणे परिसरात या दोन वनस्पतींची गल्लत होते. दोहोंची मांसल पाने बुडापासून चक्राकार फुटतात. पान कापून पाहावे : कोरफडीत पारदर्शक गर, घायपातात चिवट धागे. मूळच्या मेक्सिकोतील घायपाताच्या पानाला टोकाशी कठीण काटा असतो. आयुष्यात एकदाच फुलोरा येऊन ते झाड वाळते. कोरफड पुनःपुन्हा फुलते.

दोहोंची बुडाशी फुटलेली पिले दोन दिवस सावलीत सुकवून मुरूम-वाळूमिश्रित मातीत लावावीत. पाणी साचल्यास मुळे कुजतात.

घायपाताच्या वाखाचे दोर मातंग बांधवांनी पिढ्यानपिढ्या वळले. गावाने दोर घेतले. त्या ज्ञानाला विद्या मानले नाही. आम्ही वर्गात घायपात दाखवतो, तेव्हा हा इतिहासही शिकवतो.