आवाज जपायचा तर आधी हिशेब



"आमच्या पाड्यावरच्या आजीबाईंची गाणी आणि आरोग्याची माहिती आम्हालाही पॉडकास्टवर द्यायची आहे. कोणती फाइल करावी आणि खर्च किती येईल?" असे काही कार्यकर्त्यांनी विचारले आहे. उत्तराची सुरुवात मी आमच्याच चुकीपासून करते.

खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांतली मुले चाकण, महाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटावर कामाला येतात. चार-पाच जण मिळून एक खोली घेतात. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता कानाला मोबाइल असतो. त्यांच्यासाठी आम्ही घरच्या बोलीतला कार्यक्रम सुरू केला. त्यात गावची खबर, पीएफची माहिती आणि शेवटी एक गाणे असे. होस्टिंग म्हणजे फाइल ठेवून घेऊन ती श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारी सेवा. एका देणगीतून तिचे वर्षभराचे पैसे भरले. दुसऱ्या वर्षी पैसे भरायचे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. खाते बंद झाले आणि सगळे भाग गेले. मूळ रेकॉर्डिंग तर मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी मीच पुसले होते.

पुढे एक तरुण भेटायला आला. "ताई, आजी गेली माझी. तुम्ही तिचं गाणं घेतलं होतं ना, ते पाहिजे होतं." माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी त्याच्या खोलीतल्या सोबत्याच्या मेमरी कार्डवर एक प्रत सापडली. आवाज घोगरा होता, शेवटचे कडवे तुटले होते. त्याने ते दोनदा ऐकले आणि माझेच आभार मानून गेला. त्या दिवशी मी जे शिकले, ते पुढे देत आहे.

१. जपायची फाइल वेगळी, ऐकवायची वेगळी

रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये करावे. त्यात आवाजातले काही गाळले जात नाही, पण फाइल मोठी होते. एका माइकवरचे, म्हणजे मोनो, २० मिनिटांचे रेकॉर्डिंग नेहमीच्या सीडीच्या दर्जाने सुमारे १०६ एमबी भरते. ही फाइल श्रोत्यांना पाठवायची नाही, जपून ठेवायची. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवाव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत असाव्यात.

ऐकवण्यासाठी एमपी३ करावी. एमपी३ लहान करताना बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती ठेवायची तो आकडा, निवडावा लागतो. तेच २० मिनिटे १२८ केबीपीएसला सुमारे १९ एमबी होतात, ६४ केबीपीएस मोनोला साडेनऊ एमबीच्या आसपास. बोलण्याला ६४ पुरते. गाणे किंवा वाद्य असेल तर थोडे वाढवावे.

ओपस नावाचा फॉरमॅट याहून लहान आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज त्यातच असतात. २४ केबीपीएसला आपला भाग साडेतीन एमबीच्या जवळ येतो. पण बटणांच्या साध्या फोनवर तो वाजेलच असे नाही. एमपी३ जवळजवळ सगळीकडे वाजते आणि २०१७ पासून तिच्यावर परवाना शुल्कही राहिलेले नाही. म्हणून मुख्य प्रत एमपी३ची ठेवावी.

छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर या उपक्रमाने गोंडी भाषकांसाठी 'बुल्टू रेडिओ' चालवला. नेट नसलेल्या गावांत कार्यक्रम ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात असे. लहान फाइल असली तरच असे वाटप जमते.

२. होस्टिंग: घर भाड्याचे, पत्ता आपला

फुकटच्या सेवा आहेत, पण त्यांच्या अटी कधीही बदलू शकतात. पैसे घेणाऱ्या सेवांत पैसे थांबले की भाग दिसेनासे होऊ शकतात. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ साली सुरू झालेली ना-नफा संस्था ध्वनिफिती मोफत ठेवून घेते. दुसरी प्रत तिथे अवश्य ठेवावी. सेवा निवडताना एक प्रश्न विचारावाच: उद्या दुसरीकडे गेलो, तर आपल्या कार्यक्रमाची फीड नव्या पत्त्याकडे वळवून द्याल का? 'नाही' म्हणाले, तर जमवलेले श्रोते तिथेच राहतील.

३. पैसा कोणाचा?

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही प्रभूची शिकवण आपण इमारत-निधीच्या वेळी आठवतो. ती इथेही लागू आहे. समजा, होस्टिंग महिन्याला ६०० रुपये पडते. वर्षाचे ७,२०० झाले. २४ जणांनी वर्षाला ३०० रुपये दिले की भागते. एका मोठ्या देणगीपेक्षा हे बरे, कारण दोघे गळाले तरी आवाज बंद पडत नाही. पैसे भरण्याची तारीख दोघांच्या वहीत असावी.

एका कामगार ठेकेदाराने सगळा खर्च देऊ केला होता. बदल्यात प्रत्येक भागात त्याची भरतीची जाहिरात हवी होती. आमच्याच कार्यक्रमात कंत्राटी मुले पीएफ कापला जातो, पण भरला जात नाही असे सांगत होती. आम्ही नम्रपणे नको म्हटले.

४. जवळचे उदाहरण

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, मावळपासून पुढे राज्यभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या हजारो ओव्या प्रत्यक्ष गळ्यातून ध्वनिमुद्रित केल्या. दोघेही संग्राहक आज हयात नाहीत. तरी २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या लोक ऐकत आहेत. मूळ ध्वनिमुद्रण जपलेले होते, म्हणूनच त्या नव्या घरात जाऊ शकल्या.

आपल्या हातात आलेला आवाज आपल्या मालकीचा नाही. आपण त्याचे कारभारी आहोत.

गटात चर्चेसाठी:
• आपले श्रोते कोणता फोन वापरतात? त्यांना विचारले आहे का?
• मूळ रेकॉर्डिंगच्या दोन प्रती आज कोठे आहेत?
• पुढच्या वर्षीचे होस्टिंगचे पैसे कोण भरणार, आणि ते आजारी पडले तर कोण?