स्त्रीरोगशास्त्र की भूलशास्त्र?

प्रश्न : स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र घेण्याचे ठरवलेल्या, पण प्रवेशफेरी जवळ येताच भूलशास्त्राकडे ओढा वाटू लागलेल्या, गोंदियाजवळील फुलचूर येथील आंतरवासी डॉक्टरने काय करावे?

उत्तर : निवासी डॉक्टर म्हणून करावयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे एम.डी. किंवा एम.एस., 3 वर्षांचा असल्याने आणि प्रवेश निश्चित झाल्यावर जागा सोडल्यास दंड पडू शकत असल्याने, ही द्विधा आधीच निर्माण झाली हे हिताचेच आहे. मात्र थकवा आणि ओढा यांत गल्लत होता कामा नये. सलग रात्रपाळ्यांनंतर प्रसूतिकक्ष नकोसा वाटणे हा थकवा होय. परंतु सिझेरियनच्या वेळी मणक्यातील भूल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारे इंजेक्शन, दिल्यावर नजर टाक्यांऐवजी उतरणाऱ्या रक्तदाबाकडेच वळत असेल, तर त्या कुतूहलाला वजन दिलेच पाहिजे. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार, आढळतो आणि अशा गर्भवतीला शस्त्रक्रियेत ऑक्सिजन, शरीरातील पाणी व ऊब कमी पडू न देण्याची मोठी जबाबदारी भूलतज्ज्ञावर असते. त्यामुळे ही शाखा घेतल्याने माता दुरावतात, हा समज चुकीचा आहे. पसंतीक्रम भरण्यापूर्वी गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयासारख्या ठिकाणी, परवानगी घेऊन, काही दिवस शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला, भूलतज्ज्ञाजवळ, उभे राहून पाहावे.