आधी ओळख, मग छाट

बाळा, परभणीत जुनं का होईना स्वतःचं घर झालं, फार बरं वाटलं. घराबरोबर कुंपणाकडेची ती रान माजलेली पट्टीही पदरात पडली आणि तू जेसीबीवाल्याचा नंबर शोधतो आहेस, असं कानावर आलं. जरा दम खा. आधीच्या माणसांनी तिथं हौसेनं काहीबाही लावलेलं असणार आणि त्यातलं बरंचसं अजून जिवंत असेल. आत्याचं एवढं ऐक, मग हवा तेवढा टिकाव चालव.

१. पहिला पावसाळा बघण्यात घालव आणि कुठं काय उगवलं ते वहीत लिही — हळद, भुईचाफा, लाल गोंड्याची लिली यांचे कंद उन्हाळ्यात जमिनीखाली असतात, वर पानसुद्धा दिसत नाही. ‘मोकळी दिसते ती जागा मोकळी नसते’, एवढं पाठ कर.

२. शेजारच्या जुन्या काकूंकडे एकदा चहाला जा — नळाची लाइन कुठून गेली, शोषखड्डा कुठं आहे, हे कागदापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

३. गमबूट घातल्याशिवाय आणि काठी आपटल्याशिवाय झाडोऱ्यात हात घालायचा नाही, अंधार पडल्यावर तर पाऊलसुद्धा नाही — घोणस, मण्यार पालापाचोळ्यात दिसत नाहीत. वेळ आलीच तर बांधाबांध नको, चिरा नकोत. १०८ ला फोन कर आणि दवाखाना गाठ, कारण प्रतिविष फक्त तिथंच मिळतं.

४. मोठ्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी महापालिकेत अर्ज दे — १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं शहरात आपल्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. पन्नाशी ओलांडलेलं झाड तर आता वारसा वृक्ष धरतात.

५. गाजरगवत मात्र दिसेल तेव्हा काढ, त्याला पावसाळाभराची सवलत नाही — एकेक झाड हजारो बिया टाकतं. फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट उपट. हातमोजे घालूनच, कारण अंगाला खाज सुटते आणि कुणाकुणाला दम्याचाही त्रास होतो. १९५५ च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज रिकामा प्लॉट म्हटला की ते आहेच.

६. त्याच गवतावर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर मारू नको — ते मेक्सिकन भुंगे, गाजरगवतावरच जगतात. आपलं कृषी विद्यापीठ ते मुद्दाम वाढवून शेतकऱ्यांना देत आलंय. ते तुझ्याकडे आपणहून आले असतील तर पाहुणचार कर.

७. आता मातीचं, आणि हे नीट ऐक. आपली काळी भारी माती ओली असताना तुडवलीस तर वाळल्यावर तिची ढेकळं फावड्यालाही दाद देत नाहीत. अगदी कोरडी असताना खणायला गेलास तर टिकाव उसळून हाताला झिणझिण्या येतात. काम करायचं ते वाफशावर. वीतभर खालची मूठभर माती काढ, दाबून गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोड. गोळा फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन पडला तर अजून दोन दिवस घरात बस. ‘वाफसा चुकवला त्यानं वर्ष चुकवलं.’

८. हराळी आणि लव्हाळा वरून खुरपून समाधान मानू नको — लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एकामागे एक माळेत असतात, तुटलेली प्रत्येक गाठ नव्यानं फुटते. एप्रिलमध्ये पट्टीला पाणी दे, वाफशावर खोल खण, हाताला येतील त्या गाठी आणि काड्या वेच आणि उरलेलं मेच्या उन्हात उघडं टाक. पारा चव्वेचाळिशीला टेकतो तेव्हा आपण कुरकुरतो, पण लव्हाळ्याची गाठ वाळवायला तेच ऊन लागतं.

९. बियांवर आलेलं तण आणि हराळीच्या काड्या खताच्या खड्ड्यात नकोत — तेच खत घालशील आणि स्वतःच्या हातानं तण पेरशील.

१०. काडीकचरा पेटवू नको, त्यात कण्हेर असेल तर मुळीच नको — कण्हेरीचा धूरही विषारी. वाळलेला पाला झाडांच्या बुडाशी पसर, उन्हाळ्यात भेगा कमी पडतात.

११. जास्वंद, तगर फार वाढली असली तरी यंदा तिसरा हिस्साच छाट — एकदम बुंध्यापर्यंत उतरवलेल्या म्हाताऱ्या झाडाला पुन्हा फुटायला ताकद उरत नाही.

१२. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत, गुलाबाची ऑक्टोबरात, बोगनवेलीची बहर ओसरल्यावर — वेळ चुकली की नुसता पाला मिळतो. गुलाबाला कलमाच्या सांध्याखालून फुटवा आलेला दिसला तर बुडातून काढ. तो खुंटाचा असतो, वरचा गुलाब उपाशी मारतो.

१३. घराच्या भिंतीला लागून वाफा ठेवू नको, दोन-तीन हात सोड — काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि त्या ओढाताणीत पायाला तडे जातात. वाळवीही ओलीच्या आडोशानंच चढते.

१४. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की युरियाची पिशवी उघडू नको — आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, त्यात जुन्या गिलाव्याचा राडारोडा पुरलेला असेल तर बघायलाच नको. चार-पाच जागची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो तपासायला दे.

१५. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की आधी खोडावरच्या मुंग्या बघ — पिठ्या ढेकणाला या झाडावरून त्या झाडावर त्याच नेतात. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, फडक्यातून गाळ आणि संध्याकाळी फवार. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट पडलेल्या असतात, सूनबाईला आणि पोरांना घेऊन वेचायला जा.

१६. नवं रोप जूनमध्ये जमीन चांगली भिजल्यावरच लाव — पहिल्या सरीला भुलून लावलेलं रोप पुढच्या उघडिपीत करपतं. ज्या जातीची झाडं त्या पट्टीत दुर्लक्ष सोसूनही जगली, त्यांचीच आणखी कलमं कर. त्यांना तुझी माती आवडते हे सिद्ध झालंय.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुझ्याच गावात आहे, त्याचा फायदा घे. १८ मे हा त्याचा स्थापनादिन, १९७२ सालचा. त्या दिवशी तिथं खरीपपूर्व शेतकरी मेळावा भरतो. शेत नाही म्हणून लाजू नको. पिवळं पडलेलं पान आणि आपली वही बरोबर ने, आणि जे अडलंय ते तिथल्या जाणकारांना विचार.