मैलापाण्याची दुरुस्ती आणि कावीळ

जुने मैलापाणी शुद्धीकरण केंद्र तातडीच्या दुरुस्तीसाठी बंद पडले, की मैला तसाच नदीत जातो. आपल्या सीनेकाठच्या विहिरींनाही असा धोका संभवतो. जुलाब एक-दोन दिवसांत लागतात. कावीळ मात्र २ ते ८ आठवड्यांनी दिसते. तोवर दुरुस्ती लोक विसरलेले असतात! २०१२ साली इचलकरंजीत ‘हिपॅटायटिस ई’ काविळीची मोठी साथ आली होती. गरोदरपणी ही कावीळ जिवावर बेतू शकते. माझ्याकडे मात्र रुग्ण येतात ते आधी काविळीची माळ घालून! अशा दिवसांत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. टाकीत १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर टाकून तासभर थांबावे. गढूळ पाणी आधी निवळू द्यावे. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.